चलनी नाण्यांचे नवे रूप आणि नाणेसंग्राहकांची प्रतिक्रिया : अमेरिकेतील नाणे-सुधारणा (१९०४-१९२२) आणि भारतीय संदर्भ

गोषवारा

नाणे हे राज्यसत्तेच्या धोरणाचे, अर्थव्यवस्थेचे व कलाभिरुचीचे साधन म्हणून इतिहासकारांनी अभ्यासले आहे. मात्र चलनातील नाण्याचे रूप बदलल्यावर ते हाती घेणाऱ्यांची प्रतिक्रिया काय झाली, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात अमेरिकेतील १९०४ ते १९२२ या काळातील नाणे-सुधारणेच्या संदर्भात नाणेसंग्राहकांच्या प्रतिक्रियेचा अभ्यास केला आहे. संग्राहकाची प्रतिक्रिया त्याच्या लेखनात आणि त्याच्या संग्रहात अशी दोन ठिकाणी उमटते. या दोहोंत अनेकदा अंतर असते आणि ते अंतरच इतिहासकाराला उपयुक्त ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे. शेवटी या निरीक्षणाच्या आधारे विसाव्या व एकविसाव्या शतकातील भारतीय नाण्यांचा थोडक्यात विचार केला आहे.

बीजसंज्ञा : नाणेशास्त्र, नाणेसंग्राहक, चलनी नाणे, टांकसाळ, उठाव, नाणे-सुधारणा.

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांमध्ये नाण्यांचे स्थान निर्विवाद आहे. सातवाहनांच्या नाण्यांवरील राजांची नावे, गुप्तांच्या सुवर्णनाण्यांवरील वीणावादक समुद्रगुप्त, छत्रपती शिवाजी महाराजांचा होन व शिवराई ही उदाहरणे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित असतात. नाणे कोणी पाडले, कोणत्या धातूचे पाडले, त्यावर काय लिहिले, हे प्रश्न आपण वर्गात नेहमी विचारतो. हे सर्व प्रश्न नाणे देणाऱ्याच्या बाजूचे आहेत. नाणे घेणाऱ्याने त्याकडे कसे पाहिले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

वास्तविक आपल्याकडे नाणे घेणारा मुकाट्याने घेत नसे. मराठेशाहीच्या उत्तरार्धात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना प्रकारचे रुपये बाजारात चालत. त्यांचा कस पारखून बट्टा ठरविण्याचे काम सराफ करीत. शिक्का बदलला, नाणे झिजले वा त्याचा कस कमी झाला की सराफाच्या पेढीवर त्याची लगेच दखल घेतली जाई. सराफ हा एका अर्थाने नाण्याचा पहिला चिकित्सक वाचक होता. आधुनिक काळात राष्ट्र-राज्यांनी नाण्यांचे प्रमाणीकरण केले व बट्टा संपला. त्यानंतर नाण्याची बारकाईने पारख करण्याचे काम नाणेसंग्राहकाकडे आले. तो नाणे खर्च करण्यासाठी नव्हे, तर ठेवण्यासाठी घेतो. त्यामुळे सामान्य माणसाच्या नजरेतून सुटणारे बदल त्याच्या नजरेतून सुटत नाहीत.

या संग्राहकाची प्रतिक्रिया हे इतिहासाचे साधन होऊ शकते का, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१) चलनी नाण्याच्या नव्या रूपाविषयी नाणेसंग्राहकांनी घेतलेल्या आक्षेपांचे स्वरूप समजून घेणे.
२) संग्राहकांचे लेखी मत व त्यांचा प्रत्यक्ष संग्रह यांतील संबंध तपासणे.
३) या निरीक्षणांच्या आधारे भारतीय नाण्यांच्या अभ्यासासाठी काही दिशा सुचविणे.

व्याप्ती व अभ्यासपद्धती

अभ्यासासाठी अमेरिकेतील उदाहरण निवडण्यामागे विशिष्ट कारण आहे. तेथे डॉ. जॉर्ज हीथ यांनी १८८८ मध्ये संग्राहकांसाठी नियतकालिक सुरू केले व १८९१ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या प्रारंभी नाणी बदलू लागली, तेव्हा संग्राहकांना आपले मत मांडण्यासाठी व्यासपीठ उपलब्ध होते आणि ते मत छापील स्वरूपात टिकून राहिले. प्रस्तुत अभ्यासात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध झालेला पत्रव्यवहार, टांकसाळींचे उत्पादनाचे आकडे व नाणेशास्त्रीय ग्रंथांतील नोंदी यांचा आधार घेतला आहे.

१. सुधारणेची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या काँग्रेसने २६ सप्टेंबर १८९० रोजी एक कायदा संमत केला. त्यानुसार एखाद्या नाण्याचे रूप २५ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी बदलावयाचे असल्यास काँग्रेसची संमती आवश्यक ठरली. २५ वर्षे उलटलेले नाणे मात्र शासनाला स्वतःच्या अधिकारात बदलता येऊ लागले. टांकसाळीचे मुख्य उत्कीर्णक चार्ल्स बार्बर यांनी १८९२ मध्ये चांदीच्या तीन लहान नाण्यांना नवे रूप दिले. ती नाणी व्यवहारात टिकाऊ होती. कलादृष्ट्या मात्र त्यांच्याविषयी फारसे समाधान नव्हते.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी २७ डिसेंबर १९०४ रोजी अर्थमंत्री लेस्ली शॉ यांना पत्र लिहून आपल्या देशाची नाणी कलादृष्ट्या अत्यंत कुरूप असल्याचे मत व्यक्त केले आणि शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडेन्स यांना हे काम देता येईल का, अशी विचारणा केली. प्राचीन ग्रीक नाण्यांचा भरघोस उठाव रूझवेल्ट यांना प्रिय होता. आधुनिक चलनात तो उठाव आणावा, ही त्यांची आकांक्षा होती. येथेच पुढील सर्व वादांचे बीज आहे. ग्रीक नाणे हातोड्याने एकेक करून पाडले जाई. अमेरिकेच्या टांकसाळीला मात्र लक्षावधी नाणी यंत्रावर एकाच दाबात पाडावयाची होती.

२. १९०७ : उठावदार वीस डॉलर

सेंट-गॉडेन्स यांनी वीस व दहा डॉलरच्या सुवर्णनाण्यांची चित्रे तयार केली. ३ ऑगस्ट १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. नाणी त्यांना चलनात पाहता आली नाहीत. त्यांच्या वीस डॉलरच्या नाण्याचा मूळ उठाव इतका होता की एकेक नाणे पुरते उमटण्यासाठी अनेकदा दाब द्यावा लागे. उठाव कमी करूनही अडचण संपली नाही. या उठावदार प्रकारची सुमारे १२ हजार नाणी पाडली गेली. त्यानंतर बार्बर यांनी उठाव आणखी उतरवून नाणे नेहमीच्या यंत्रावर पाडण्याजोगे केले व वर्ष संपण्यापूर्वी अशी सुमारे ३ लाख ६१ हजार नाणी तयार झाली.

जनतेचा वाद वेगळ्याच मुद्द्यावर झाला. १८६४ पासून अमेरिकन नाण्यांवर येऊ लागलेले ‘देवावर आमची श्रद्धा आहे’ या अर्थाचे वाक्य रूझवेल्ट यांच्या इच्छेनुसार नव्या सुवर्णनाण्यांवरून गाळले होते. पैशावर देवाचे नाव छापणे त्यांना अनुचित वाटे. धर्मोपदेशक व वृत्तपत्रे यांनी टीका केली आणि काँग्रेसने १८ मे १९०८ रोजी कायदा करून ते वाक्य परत आणले. संग्राहकांचे लक्ष मात्र उठावाकडे होते. उठावदार नाणी थोडीच पाडली गेली आहेत, हे कळताच ती दर्शनी मूल्यापेक्षा अधिक किमतीला विकली जाऊ लागली. एकाच नाण्याकडे जनतेने मजकुराच्या आणि संग्राहकाने घडणीच्या अंगाने पाहिले. हा फरक पुढील प्रत्येक प्रसंगात दिसून येतो.

३. १९०८ : चॅपमन-बिगेलो वाद

संग्राहकांच्या प्रतिक्रियेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९०८ मधील अडीच व पाच डॉलरची सुवर्णनाणी होत. बॉस्टनचे डॉ. विल्यम स्टर्जिस बिगेलो हे शिक्षणाने वैद्य, जपानी कलेचे संग्राहक व रूझवेल्ट यांचे मित्र होते. प्राचीन इजिप्तमधील भित्तिशिल्पांत आकृती पृष्ठभागाच्या वर न येता त्याच्या आतच कोरलेली असते. नाण्यावर हीच पद्धत वापरली तर भरघोस उठावही साधेल आणि नाणी एकावर एक रचताही येतील, असे बिगेलो यांनी सुचविले. बॉस्टनचेच शिल्पकार बेला लायन प्रॅट यांनी त्यानुसार चित्र घडविले. एका बाजूस पिसांचा शिरपेच घातलेला मूलनिवासी पुरुष व दुसऱ्या बाजूस उभा गरुड अशी ही नाणी १९०८ च्या अखेरीस चलनात आली. अमेरिकेच्या चलनात अशी खोदीव आकृतीची नाणी पूर्वी नव्हती.

डिसेंबर १९०८ मध्ये फिलाडेल्फियाचे नाणेतज्ज्ञ व नाणेविक्रेते सॅम्युअल हडसन चॅपमन यांनी थेट राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिले. चॅपमन हे नवखे गृहस्थ नव्हते. त्यांनी व त्यांचे बंधू हेन्री यांनी १८७८ पासून अनेक वर्षे भागीदारीत नाण्यांचे लिलाव केले होते आणि अमेरिकेतील नामांकित संग्रह त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यांचे आक्षेप पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिला, चित्रातील पुरुष कृश व निस्तेज दिसतो. त्यात सौंदर्य नाही. दुसरा, खोदीव आकृतीची नक्कल करणे सोपे असल्याने बनावट नाणी तयार होतील. तिसरा, खोदलेल्या रेषांत मळ साचून नाणे रोगाचे वाहक बनेल. चौथा आक्षेप या सर्वांहून व्यापक होता. नाणी कालांतराने स्मारके बनतात. तेव्हा हे नाणे आपल्या पिढीच्या अज्ञानाचे स्मारक म्हणून देशाला कमीपणा आणील, असे त्यांचे म्हणणे होते.

रूझवेल्ट यांनी ते पत्र बिगेलो यांच्याकडे पाठविले. बिगेलो यांचे उत्तर उपरोधाने भरलेले आहे. चित्र एका मूलनिवासी पुरुषाच्या अलीकडील छायाचित्रावरून घेतले असून त्या पुरुषाची प्रकृती उत्तम होती, चॅपमन यांच्या मनात बहुधा राखीव वसाहतींत दिसणारे अधिक स्थूल परंतु कमी अस्सल लोक असावेत, असे त्यांनी लिहिले. आरोग्याचा प्रश्न मळक्या खिशांत फिरणाऱ्या चांदीच्या नाण्यांबाबत अधिक लागू पडतो, सुवर्णनाण्यांबाबत नव्हे, असेही त्यांनी सुनावले. चॅपमन यांचे त्यावरही समाधान झाले नाही. हा पत्रव्यवहार संग्राहकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, म्हणून तो आज आपल्याला उपलब्ध आहे.

या वादाचे मूल्यमापन तीन अंगांनी करता येते.

एक, चॅपमन यांचे व्यावहारिक आक्षेप खरे ठरले नाहीत. नाणे रोगाचे कारण झाल्याचे दिसले नाही आणि अडीच डॉलरचे हे नाणे मध्ये खंड पडूनही १९२९ पर्यंत पाडले गेले. उलट या घडणीचा एक गुण त्यांच्या नजरेतून सुटला. नेहमीच्या नाण्यात आकृती वर असल्याने ती आधी झिजते. या नाण्यात मोकळा पृष्ठभाग झिजतो व आकृती खोलगटात सुरक्षित राहते. तज्ज्ञाची पारखही सवयीने बांधलेली असते. त्याला जे अपरिचित असते ते सदोष वाटू शकते.

दोन, ज्यांचे चित्र नाण्यावर होते त्यांचा या वादात कोठेही आवाज नाही. १८८७ च्या डॉज कायद्याने मूलनिवासींच्या सामूहिक जमिनींची वाटणी सुरू केली होती व त्यांच्या ताब्यातील भूमी झपाट्याने घटत होती. त्याच काळात पूर्व किनाऱ्यावरील दोन सुशिक्षित गृहस्थ सुवर्णनाण्यावरील मूलनिवासी पुरुषाचे गाल भरलेले असावेत की खपाटीला गेलेले, यावर वाद घालीत होते. बिगेलो यांच्या उपरोधामागील पूर्वग्रह आजच्या वाचकाला सहज जाणवतो. चॅपमन यांना मळ दिसला, बिगेलो यांना इजिप्त दिसले. तो मनुष्य दोघांनाही दिसला नाही.

तीन, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हे अधिक महत्त्वाचे, संग्राहकांनी हे नाणे केवळ शब्दांनी नाकारले नाही. त्यांनी ते फारसे जपूनही ठेवले नाही. १९११ मध्ये डेन्व्हर टांकसाळीत अडीच डॉलरची केवळ ५५,६८० नाणी पाडली गेली. त्या काळात ती कोऱ्या स्थितीत बाजूला ठेवणारे थोडेच होते. पुढील पिढ्यांनी ही मालिका गोळा करावयास घेतली, तेव्हा उत्तम स्थितीतील १९११ चे डेन्व्हरचे नाणे दुर्मिळ असल्याचे ध्यानात आले. आज ते या मालिकेतील सर्वाधिक मागणीचे नाणे गणले जाते. चॅपमन यांच्या पत्रातून एका संग्राहकाचे मत कळते. नाण्याच्या आजच्या दुर्मिळतेतून त्या पिढीची उदासीनता कळते.

४. १९०९ : लिंकनचा सेंट आणि तीन अक्षरे

सुवर्णनाणे ठेवून घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. एका सेंटचे नाणे मात्र कोणालाही ठेवता येत होते. लिथुआनियात जन्मलेले शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांनी अब्राहम लिंकन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त घडविलेला सेंट २ ऑगस्ट १९०९ रोजी वितरित झाला. नियमित चलनातील नाण्यावर प्रत्यक्षात होऊन गेलेल्या अमेरिकन व्यक्तीचे चित्र येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. नाणे मिळविण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या.

काही दिवसांतच नाण्याच्या मागील बाजूस तळाशी असलेल्या ब्रेनर यांच्या नावाच्या ‘व्ही. डी. बी.’ या आद्याक्षरांवर वृत्तपत्रांतून टीका झाली. कलावंत आपली जाहिरात करतो, असा आक्षेप होता. केवळ ‘बी’ हे अक्षर ठेवावे, असाही पर्याय पुढे आला. परंतु ते आपल्या आद्याक्षराशी गल्लत करील म्हणून बार्बर यांचा त्यास विरोध होता. अर्थमंत्री फ्रँकलिन मॅक्व्हे यांच्या आदेशाने अक्षरे समूळ काढण्यात आली. तोपर्यंत सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत अक्षरांसह ४,८४,००० नाणी पाडून झाली होती. बार्बर यांचे १९१७ मध्ये निधन झाले व १९१८ मध्ये तीच तीन अक्षरे लिंकन यांच्या खांद्याच्या कडेला अतिशय सूक्ष्म स्वरूपात परत आली.

या प्रसंगी अक्षरांवर झालेल्या टीकेमुळेच लोकांनी नाणी राखून ठेवली. नाण्यातील बदल हा संग्रहाचा विषय असतो, ही जाणीव अशा प्रसंगांतून सामान्य घरांपर्यंत पोहोचली. पुढे १९३० च्या दशकात वर्षवार व टांकसाळवार नाणी बसविण्यासाठी छिद्रे पाडलेले पुठ्ठ्याचे फलक स्वस्तात मिळू लागले. मुले खिशातील सुट्या नाण्यांतून एकेक छिद्र भरू लागली. १९०९ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्याचे छिद्र बहुतेकांच्या फलकावर रिकामेच राही. त्या रिकाम्या छिद्राने या नाण्याला जी कीर्ती दिली, ती १९०९ मधील टीकाकारांना अपेक्षितही नसेल. प्रतिक्रिया कधी कधी एका पिढीनंतर पक्व होते, हे यावरून दिसते.

५. १९२०-१९२२ : संग्राहकांची मागणी व शांतता डॉलर

आतापर्यंतच्या उदाहरणांत शासन नाणे बदलते व संग्राहक त्यावर मत देतो, असा क्रम आहे. शांतता डॉलरच्या बाबतीत तो उलटा झाला. १९१८ च्या पिटमन कायद्याने चांदीचे जुने डॉलर वितळविण्यास परवानगी दिली व एकूण २७,०२,३२,७२२ नाणी वितळविण्यात आली. त्यांच्या जागी तितकीच नवी नाणी पाडणे कायद्याने बंधनकारक होते. ऑगस्ट १९२० मध्ये शिकागो येथे भरलेल्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनच्या अधिवेशनात फॅरन झर्ब यांचा निबंध वाचण्यात आला. महायुद्धानंतरच्या शांततेचे स्मरण करणारे नाणे काढावे व ते केवळ संग्राहकांसाठी नव्हे तर सर्वसाधारण चलनासाठी असावे, हा त्याचा आशय होता. संस्थेने समिती नेमली. स्वतः संग्राहक असलेले काँग्रेस सदस्य विल्यम ॲशब्रुक यांचाही तीत समावेश होता.

मे १९२१ मध्ये काँग्रेसपुढे ठराव आला. परंतु तो संमत होऊ शकला नाही. तथापि डॉलरचे जुने रूप १८७८ पासूनचे, म्हणजे २५ वर्षांहून जुने असल्याने १८९० च्या कायद्यानुसार काँग्रेसच्या संमतीची आवश्यकताच नव्हती. ललित कला आयोगामार्फत स्पर्धा घेण्यात आली व अँथनी डी फ्रान्सिस्की यांचे चित्र निवडले गेले. मागील बाजूस गरुडासोबत मोडलेली तलवारही असणार, हे जाहीर होताच वृत्तपत्रांतून आक्षेप निघाला. मोडलेली तलवार शांततेचे नव्हे, पराभवाचे व शरणागतीचे चिन्ह होय, असे म्हटले गेले. वर्ष संपण्यास थोडे दिवस उरले असताना टांकसाळीचे उत्कीर्णक जॉर्ज मॉर्गन यांनी ती तलवार नाहीशी केली आणि २८ डिसेंबर १९२१ रोजी नाणी पाडण्यास प्रारंभ झाला. १९२१ या वर्षाची १०,०६,४७३ नाणी तयार झाली. उठाव जास्त असल्याने मध्यभागीचे केस नीट उमटत नव्हते व ठसे लवकर फुटत होते. म्हणून १९२२ मध्ये उठाव कमी करण्यात आला.

संग्राहकांनी मागितलेले नाणे त्यांना मिळाले, परंतु त्याचे अंतिम रूप वृत्तपत्रे व यंत्राची मर्यादा यांनी ठरविले. १९०७ ची कथा येथे पुन्हा घडली. आजही या मालिकेत १९२१ चे उठावदार नाणे, त्यातही केस पुरते उमटलेले, संग्राहक विशेष आवडीने घेतात. शासनाने ज्या गोष्टीला दोष मानून दुरुस्त केले, तीच संग्राहकाच्या दृष्टीने मूळ कल्पनेची खूण ठरली.

६. भारतीय संदर्भ

वरील चौकटीतून भारताकडे पाहिले असता साम्य व फरक दोन्ही दिसतात. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील पदकमालेत हत्तीचे लहानसे चित्र होते. त्याची सोंड व पाय आखूड दिसल्याने तो प्राणी डुक्कर असल्याचा समज पसरला व मुस्लिम समाजात तीव्र नाराजी निर्माण झाली. कलकत्ता व मुंबई टांकसाळींत पाडलेल्या सुमारे ९४ लाख नाण्यांपैकी सुमारे ७ लाखच वितरित झाली होती. उरलेली रोखून वितळविण्यात आली आणि १९१२ पासून सुधारित हत्तीचा रुपया आला. संग्राहकांच्या बोलीत १९११ चा रुपया ‘पिग रुपी’ म्हणून ओळखला जातो व आवर्जून जपला जातो. शासनाने जे नाणे नाहीसे करू पाहिले, ते संग्रहांमुळे पुराव्यादाखल उरले.

स्वतंत्र भारतात १९५० मधील सारनाथच्या सिंहशीर्षाची नाणी व १ एप्रिल १९५७ पासूनची दशमान पद्धती हे बदल सर्वज्ञात आहेत. अलीकडील बदल अधिक वेगाने झाले. २००५ च्या सुमारास दोन रुपयांच्या पोलादी नाण्यावर ‘विविधतेत एकता’ या कल्पनेचे छेदणाऱ्या रेषांचे चिन्ह आले. ते ख्रिस्ती क्रूसासारखे दिसते, असा आक्षेप घेतला गेला. २००७ मध्ये हस्तमुद्रांची मालिका आली : पन्नास पैशांवर मूठ, एक रुपयावर उंचावलेला अंगठा व दोन रुपयांवर दोन बोटे. २०१० मध्ये रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारल्यावर २०११ मध्ये पुन्हा नवी मालिका निघाली. या मालिकेत दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे झाले. पूर्वीचे एक रुपयाचे पोलादी नाणेही त्याच व्यासाचे व वजनाचे होते. नवे एक रुपयाचे नाणे २२ मिलिमीटरचे, म्हणजे पूर्वीच्या पन्नास पैशांच्या पोलादी नाण्याइतके झाले. दोन्ही पिढ्यांची नाणी एकाच वेळी चलनात असल्याने स्पर्शाने नाणे ओळखणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तींना यामुळे काय अडचण आली असेल, याची कल्पना करता येते. ७ मार्च २०१९ रोजी दृष्टिहीनांना ओळखता येतील अशा नाण्यांची मालिका जाहीर झाली, तीमागील गरज या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

दहा रुपयांच्या द्विधातू नाण्याचा अनुभव याहून उद्बोधक आहे. दहा किरणांचे नाणे खरे व पंधरा किरणांचे बनावट, अशी अफवा देशभर पसरली व ठिकठिकाणी दुकानदार, वाहनचालक ही नाणी नाकारू लागले. रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी निवेदन काढून सांगावे लागले, की आतापर्यंत दहा रुपयांची नाणी १४ प्रकारच्या चित्रांत वितरित झाली असून ती सर्व वैध आहेत. ज्या विविधतेमुळे बाजारात संशय निर्माण झाला, तीच विविधता संग्राहकाला प्रिय होती. मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा बिंदू व कोलकात्याची खूणविरहित नाणी, असा टांकसाळवार संच लावणाऱ्याला किरणांची संख्या बदलली म्हणून नाणे खोटे ठरत नाही, हे ठाऊक असते. अफवेच्या त्या काळात गावोगावचे संग्राहक हे नाण्यांचे विश्वासार्ह जाणकार ठरू शकले असते. परंतु त्यांच्याकडे विचारणा करण्याची प्रथा आपल्याकडे नाही.

येथे अमेरिकेशी असलेला मुख्य फरक स्पष्ट होतो. भारतात १९१० मध्ये न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि नाशिकजवळ अंजनेरी येथेही १९८० च्या दशकात नाणेशास्त्राच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. तथापि आपल्या नाणेशास्त्राचा भर स्वाभाविकपणे प्राचीन व मध्ययुगीन नाण्यांवर राहिला. चालू चलनातील नाणे अभ्यासाचा विषय होऊ शकते, ही दृष्टी कमी रुजली. परिणामी आपल्याकडे संग्रह आहेत, परंतु चॅपमन यांच्यासारखी पत्रे फारशी जतन झालेली नाहीत.

निष्कर्ष

१) नाण्याच्या नव्या रूपाकडे जनता प्रामुख्याने अर्थाच्या दृष्टीने पाहते. धर्मवाक्य, तलवार, हत्ती, क्रूस ही त्याची उदाहरणे होत. संग्राहकाची दृष्टी उठाव, ठसा, टांकसाळीची खूण व मालिका यांकडे असते. शासनाने तातडीने दखल घेतली ती बहुधा पहिल्या प्रकारच्या आक्षेपाची.

२) संग्राहकाचे लेखी मत अचूक असतेच असे नाही. चॅपमन यांचे आरोग्यविषयक व बनावटीविषयक अंदाज चुकले. मात्र नाणी कालांतराने स्मारके बनतात, हे त्यांचे म्हणणे त्यांनी नाकारलेल्या नाण्याच्याच बाबतीत खरे ठरले.

३) संग्राहकाने काय जपले व काय जाऊ दिले, हीदेखील प्रतिक्रियाच होय. १९०९ चा सेंट राखला गेला, १९११ चे अडीच डॉलर दुर्लक्षिले गेले. टांकसाळीचे उत्पादनाचे आकडे व आज उरलेल्या नाण्यांची स्थिती यांची तुलना केल्यास ही अलिखित प्रतिक्रिया वाचता येते.

४) संग्राहकाच्या दृष्टीलाही मर्यादा आहेत. ती सवयीने, व्यवसायाने व आर्थिक कुवतीने घडलेली असते. ज्यांचे चित्र नाण्यावर येते किंवा ज्यांना नाणे केवळ स्पर्शाने ओळखावे लागते, त्यांची बाजू तीत उमटेलच असे नाही. म्हणून हे साधन इतर साधनांसोबत तपासणे आवश्यक आहे.

समारोप

महाविद्यालयीन इतिहास विभागांना या संदर्भात एक छोटे काम सहज हाती घेता येईल. आपल्या गावातील वा तालुक्यातील नाणेसंग्राहकांच्या मुलाखती घेणे, नवी मालिका आल्यावर त्यांनी कोणती नाणी ठेवली, कोणती सोडली व का, याची तारखेसह नोंद करणे आणि दहा रुपयांच्या नाण्याविषयीच्या अफवेच्या आठवणी दुकानदार व वाहकांकडून लिहून घेणे, यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतूनही हे होऊ शकते. २०१६ ते २०१८ या काळात आपल्या बाजारपेठेत वैध नाणे का नाकारले गेले, याचे उत्तर उद्याचा इतिहासकार शोधील, तेव्हा त्याला रिझर्व्ह बँकेचे निवेदन नक्की सापडेल. नाणे नाकारणारा व नाणे जपणारा यांचे म्हणणे त्याला सापडावे अशी इच्छा असेल, तर ते आजच लिहून ठेवावे लागेल.